सीडी हातात आहे, पण उघडायची कशात?

सीटी, एमआरआय आणि डिजिटल एक्स-रेच्या फाइल्स पाहण्यासाठी मोफत सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, याबद्दल सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकात मिसळले आहेत.

प्रश्न : वडील सूतगिरणीत कामाला होते. त्यांच्या छातीचा एचआरसीटी (बारीक तपशील दाखवणारा सीटी स्कॅन) काढला, सेंटरने रिपोर्टसोबत सीडी दिली. आमच्या लॅपटॉपला सीडी घालायची सोयच नाही, म्हणून दुकानातून पेनड्राइव्हवर उतरवून आणली. त्यात शेकडो फाइल्स आहेत, पण एकही फोटोसारखी उघडत नाही. दुकानदाराच्या संगणकावर कशीबशी उघडली, तर फुप्फुसे नुसती काळीकुट्ट दिसली. सीडी पुण्याच्या डॉक्टरांना पाठवायची आहे. – विडी घरकुल, सोलापूर

उत्तर : फाइल्स बिघडलेल्या नाहीत. त्या डायकॉम या, वैद्यकीय चित्रांसाठीच्या प्रकारच्या आहेत आणि साधा फोटो दाखवणारा प्रोग्राम त्या वाचत नाही. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला १२८ बाइट्सची जागा सोडलेली असते, त्यानंतर 'डीआयसीएम' ही चार अक्षरे, मग रुग्णाचे नाव, वय, तारीख, मशीनची सेटिंग आणि शेवटी चित्र. सीडीवरच्या फाइल्सच्या नावाला बहुतेक वेळा शेपूटही नसते, त्यामुळे विंडोजला त्या कशात उघडायच्या हे उमगत नाही. नाव बदलून मागे 'जेपीजी' लावून काहीही होणार नाही.

आधी पेनड्राइव्हवर सगळे आले आहे का ते बघा. सीडीवर 'डायकॉमडिर' नावाची एक छोटी फाइल असते. ती म्हणजे अनुक्रमणिका, चित्रे शेजारच्या फोल्डरमध्ये असतात. दुकानात अनेकदा फक्त अनुक्रमणिका तरी उतरते किंवा सीडीवरच्या पाहणी-प्रोग्रामचा शॉर्टकट तरी. हिशेब सोपा आहे. सीटीची एक स्लाइस (शरीराचा एक आडवा छेद) ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांची आणि प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट्स, म्हणजे सुमारे अर्धा एमबी. छातीची ३० सेंटिमीटर लांबी १ मिलिमीटरच्या स्लाइसमध्ये कापली तर ३०० स्लाइस, म्हणजे १५० एमबी. फाइल्स दाबून ठेवल्या असतील तर याच्या निम्म्या-तिसऱ्या हिश्श्यापर्यंत खाली येते. तुमच्या फोल्डरचा आकार दोन-चार एमबी भरत असेल तर चित्रे आलेलीच नाहीत. पुन्हा जा आणि सीडीवरचे सगळे, जसेच्या तसे, एकाच फोल्डरमध्ये उतरवून घ्या.

घरी पाहण्यासाठी विंडोजवर मायक्रोडायकॉम पुरेसे आहे. ते खासगी, बिनव्यापारी वापराला मोफत आहे, हलके आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालते. एकेक फाइल उघडत बसू नका, पूर्ण फोल्डर किंवा डायकॉमडिर उघडा. डाव्या बाजूला रुग्णाचे नाव आणि त्याखाली वेगवेगळ्या सिरीज, म्हणजे चित्रांचे संच, दिसतील. पहिली सिरीज बहुधा दोन-तीन चित्रांचीच असते. ती स्कॅनची जागा ठरवण्यासाठी काढलेली असते, 'एवढेच आले का' म्हणून घाबरू नका. सर्वांत जास्त चित्रे असलेली सिरीज निवडा.

आता फुप्फुसे काळी का दिसली ते. सीटीमध्ये प्रत्येक ठिपक्याला हाउन्सफील्ड नावाचा आकडा असतो. पाण्याला ०, हवेला उणे १०००, हाडाला शेकड्यांनी अधिक. एवढा मोठा पल्ला पडद्यावर एकदम दाखवला तर सगळेच करडे दिसेल, म्हणून त्यातला एक तुकडा निवडून काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पसरतात. या तुकड्याला विंडो म्हणतात. त्याची रुंदी म्हणजे विड्थ आणि मध्यबिंदू म्हणजे लेव्हल. छातीची सीडी उघडली की बरेचदा रुंदी ३५०, लेव्हल ५० अशी मऊ भागांची विंडो लागलेली असते. तिचा पल्ला उणे १२५ ते २२५. फुप्फुसात हवा भरलेली, त्याचे आकडे उणे ७००-८०० च्या घरात, म्हणजे पल्ल्याच्या पार खाली. म्हणून ते सगळे काळे. रुंदी १५०० आणि लेव्हल उणे ६०० करा, पल्ला उणे १३५० ते १५० होतो आणि फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या, जाळी, ठिपके सगळे उघडे पडते. बहुतेक प्रोग्राममध्ये 'लंग' नावाचे तयार बटण असते. नसेल तर माऊस आडवा ओढला की विड्थ बदलते आणि उभा ओढला की लेव्हल. दिसू लागले म्हणून घरीच निदान करू नका. एचआरसीटीतल्या पांढऱ्या डागाचे अर्थ डझनभर असतात.

पुण्याला पाठवताना मोबाइलने पडद्याचे फोटो काढून पाठवणे सर्वांत वाईट. मूळ ठिपक्यात ४०९६ छटा असतात, फोटोत २५६ उरतात आणि विंडो बदलण्याची सोय कायमची जाते. पूर्ण फोल्डरची झिप करा. जीमेलवर २५ एमबीची मर्यादा आहे, शिवाय सीडीबरोबर आलेला 'ईएक्सई' प्रोग्राम झिपमध्ये असेल तर जीमेल ती अडवते. तो प्रोग्राम झिपमधून वगळा, चित्रांचे फोल्डर आणि डायकॉमडिर ठेवा. मग ड्राइव्हवर चढवून लिंक द्या किंवा व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, तिथे २ जीबीपर्यंत चालते. 'गॅलरी'तून पाठवू नका. ड्राइव्हची लिंक फक्त डॉक्टरांच्या ईमेलपुरती खुली ठेवा.

प्रश्न : होटगी रोडला आमचे वीस खाटांचे रुग्णालय आहे. ओपीडीत तीन संगणक आहेत. इंटरनेटवर 'फ्री' म्हणून जे जे दिसते ते टाकले तर चालेल ना? – एक डॉक्टर, सोलापूर

उत्तर : नाही. पैसे न देता उतरवता येते एवढ्याने ते रुग्णालयात वापरायला मोफत ठरत नाही. वर सांगितलेले मायक्रोडायकॉम घरगुती वापराला मोफत आहे, व्यवसायासाठी परवाना घ्यावा लागतो. रेडिअँट वेगवान आणि हाताळायला सुरेख आहे, पण ते विकत घ्यायचे सॉफ्टवेअर; मोफत मिळते ती मुदतीची चाचणी आवृत्ती. मॅकवरच्या ओसिरिक्सची 'लाइट' आवृत्तीही चाखून बघण्यापुरती. तुमच्यासाठी आमची पसंती वेसिस. जिनिव्हा विद्यापीठ रुग्णालयात त्याची सुरुवात झाली, मुक्त स्रोत (ओपन सोर्स) आहे, व्यवसायात वापरायला आडकाठी नाही, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते. त्याला जावा लागते, पण आताच्या इन्स्टॉलरमध्ये ती आतच येते, वेगळी घालावी लागत नाही. संगणकाला ८ जीबी रॅम आणि एसएसडी हवी. ४ जीबीवर ते सुरू होईल, पण हजार स्लाइसचा सीटी उघडल्यावर रांगत चालेल. डॉक्टरांच्या टेबलावर तेवढा धीर नसतो.

एक गोष्ट स्पष्ट असू द्या. यातल्या बहुतेक मोफत प्रोग्रामवर 'प्राथमिक निदानासाठी नाही' असे लिहिलेले असते आणि ते उगाच नसते. भारतात वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियम सॉफ्टवेअरलाही लागू होतात. रेडिओलॉजिस्टने रिपोर्ट केलेला स्कॅन ओपीडीत रुग्णाला दाखवणे, शस्त्रक्रियेआधी पुन्हा पाहणे, आधीच्या स्कॅनशी ताडून बघणे यासाठी वेसिस उत्तम. ओपीडीच्या साध्या मॉनिटरवर बसून एक्स-रेचे रिपोर्ट लिहायचे ठरवले तर अडचण सॉफ्टवेअरच्याही आधी मॉनिटरची आहे. रिपोर्टिंगचे मॉनिटर डायकॉमच्या करड्या छटांच्या मानकाप्रमाणे जुळवलेले असतात. खिडकीकडे तोंड करून ठेवलेल्या साध्या पडद्यावर बारीक फ्रॅक्चर किंवा छोटा न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती साठलेली हवा) सहज निसटतो. किमान पडद्याची जागा बदला, ब्राइटनेस पूर्ण ठेवा आणि रात्री पडदा पिवळसर करणारी सोय बंद करा.

प्रश्न : अस्थिरोगाचे काम आहे. डिजिटल एक्स-रेवर वेसिसमध्ये माप घेतो. खुब्याच्या गोळ्याचे माप एक्स-रेवर एक येते आणि ऑपरेशनच्या वेळी दुसरेच. सॉफ्टवेअर मोफत म्हणून चुकते का? – विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : सॉफ्टवेअरचा दोष नाही, विकत घेतलेलेही हेच दाखवील. एक्स-रे म्हणजे सावली आणि सावली वस्तूपेक्षा मोठी पडते. ट्यूब ते डिटेक्टर अंतर १०० सेंटिमीटर धरा. खुबा डिटेक्टरपासून १५ सेंटिमीटर वर असेल तर ट्यूबपासून तो ८५ वर आहे. १०० भागिले ८५, म्हणजे सुमारे १.१८ पट. खरा ५० मिलिमीटरचा गोळा ५९ दिसणार. रुग्ण जाड असेल तर आणखी मोठा. फाइलमध्ये ठिपक्याचे जे माप लिहिलेले असते ते डिटेक्टरच्या पृष्ठभागाचे, हाडाचे नव्हे. सीटीत ही अडचण नाही, तिथले माप खरे.

उपाय म्हणजे माहीत असलेल्या मापाचा धातूचा गोळा एक्स-रेत घेणे. २५ मिलिमीटरचा गोळा सर्रास वापरतात. तो हाडाच्या पातळीवर हवा, म्हणजे ग्रेटर ट्रोकँटरच्या (मांडीच्या हाडाच्या वरच्या, बाहेरच्या उंचवट्याच्या) उंचीला, मांडीच्या बाजूला किंवा दोन मांड्यांच्या मध्ये. तंत्रज्ञ घाईत तो टेबलावर ठेवून मोकळा होतो आणि तिथेच घोळ होतो. टेबलावरचा गोळा डिटेक्टरजवळ असल्याने फारसा मोठा दिसत नाही, प्रोग्रामला वाटते की मोठेपणा थोडाच आहे, आणि इम्प्लांटचे माप मोठे निघते. गोळा बरोबर ठेवला की चित्रात त्याचा व्यास मापा, त्या रेघेवर उजवी क्लिक करून अंतराचे कॅलिब्रेशन बदला आणि २५ मिलिमीटर भरा. त्यानंतरची त्या चित्रातली मापे हाडाच्या पातळीची येतील. वरच्या उदाहरणात न जुळवलेल्या चित्रात धातूचा गोळा २९.४ च्या आसपास दिसायला हवा. २६ दिसला तर तो टेबलावर होता असे समजा आणि एक्स-रे पुन्हा मागवा. मोबाइलवर आलेल्या एक्स-रेच्या फोटोवर माप घेऊच नका, त्यात ठिपक्याचे माप उरलेलेच नसते.

प्रश्न : पदव्युत्तर शिक्षण चालू आहे. सेमिनारसाठी रुग्णांचे सीटी वापरायचे आहेत. नाव पुसण्याची मोफत सोय कोणती? आणि थ्रीडी चित्र कशात करावे? – शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सोलापूर

उत्तर : विंडोजवर मायक्रोडायकॉम, मॅकवर होरोस, दोन्हींत 'ॲनॉनिमाइझ' आहे. फक्त नावाचा रकाना पुसून भागत नाही. रुग्ण क्रमांक, जन्मतारीख, संस्थेचे नाव, पाठवणाऱ्या डॉक्टरांचे नाव, स्कॅनचा नोंदणी क्रमांक हे सगळे वेगवेगळ्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलमधल्या माहितीच्या रकान्यांत असते. काम झाल्यावर टॅगची यादी उघडून डोळ्यांनी तपासा. यानंतरही चार ठिकाणी नाव शिल्लक राहते.

पहिले, चित्रातच छापलेले नाव. सोनोग्राफीच्या चित्रांवर ते वरच्या पट्टीत असते आणि सीटीच्या डोस रिपोर्टच्या (किती किरणे वापरली त्याच्या नोंदीच्या) पानावरही; टॅग पुसल्याने ते जात नाही. सोनोग्राफीची वरची पट्टी कापा, डोस रिपोर्टची सिरीज सरळ वगळा. दुसरे, फोल्डरचे नाव. सेंटरवाले सीडी उतरवताना फोल्डरला रुग्णाचेच नाव देतात. तिसरे, पॉवरपॉइंट. नावावर काळा चौकोन ठेवला तर तो कोणीही उचलून बाजूला ठेवू शकतो आणि कापलेला भागही फाइलमध्ये लपून राहतो. चित्र प्रोग्राममधून कापूनच बाहेर काढा किंवा पॉवरपॉइंटमध्ये कापलेला भाग कायमचा काढून टाकण्याचा पर्याय वापरा. चौथे थोडे अनपेक्षित : डोक्याच्या पातळ स्लाइसच्या सीटीवरून थ्रीडी केले की चेहरा ओळखू येतो. बाकी सगळे पुसले तरी त्वचेचे थ्रीडी दाखवू नका, हाडाचे दाखवा. नाव पुसले म्हणून संमतीची आणि विभागाच्या परवानगीची गरज संपते असेही नाही.

थ्रीडीसाठी थ्रीडी स्लायसर. मुक्त स्रोत आहे, संशोधनासाठी बनवलेले आहे, अवयव वेगळे करणे, आकारमान मोजणे, थ्रीडी प्रिंटरसाठी फाइल काढणे सगळे त्यात होते. शिकायला मात्र वेळ मागते. रोज सीटी चाळण्यासाठी ते वापरणे म्हणजे चहा करायला लग्नातले पातेले चढवणे. नुसती कवटी किंवा जबड्याचे मॉडेल हवे असेल तर ब्राझीलमध्ये बनलेले इनव्हेसालियस सोपे पडते, दंतवैद्यांनीही ते बघावे. कोणतेही घ्या, थ्रीडी चांगले येण्यासाठी स्लाइस पातळ हवी. ५ मिलिमीटरच्या सिरीजवरून केलेल्या थ्रीडीत आणि उभ्या छेदात जिन्याच्या पायऱ्या दिसतात. त्या सॉफ्टवेअरने गुळगुळीत करता येतात, पण मधली माहिती येत नाही. स्कॅन सेंटरकडून १ मिलिमीटरची किंवा त्याहून पातळ सिरीज मागा. ती मशीनच्या संगणकावर काही दिवसच राहते, म्हणून लगेच मागा.

प्रश्न : एक्स-रे खोलीतून चित्रे ओपीडीत आपोआप यावीत. पॅक्सचे (चित्रे साठवून सगळ्या संगणकांवर दाखवणाऱ्या यंत्रणेचे) कोटेशन आवाक्याबाहेर आहे. – रुग्णालय व्यवस्थापक, बार्शी

उत्तर : ऑर्थँक वापरा. बेल्जियममधील लिएज विद्यापीठ रुग्णालयात जन्मलेला हा मोफत, मुक्त स्रोत सर्व्हर आहे. साध्या विंडोज संगणकावर बसतो. चित्रे घेण्यासाठी त्याचे पोर्ट ४२४२ आणि ब्राउझरमधून पाहण्यासाठी ८०४२.

एक्स-रे मशीनला तीन गोष्टी सांगाव्या लागतात : सर्व्हरचा आयपी पत्ता, पोर्ट आणि एई टायटल. एई टायटल म्हणजे जाळ्यातले नाव, जास्तीत जास्त १६ अक्षरांचे. ऑर्थँकचे मुळातले नाव 'ऑर्थँक'च, पण सगळे कॅपिटलमध्ये. मशीनवर बाहेर पाठवण्याची सोय चालू आहे का, हे देखभाल करणाऱ्या इंजिनिअरला आधी विचारा. काही मशीनवर तो वेगळा पैसे देऊन घ्यायचा पर्याय असतो आणि कोटेशनमध्ये लिहिलेला नसतो. सगळे भरले की मशीनवरून 'एको' ही जोडणीची चाचणी घ्या. ती फसली तर दहातल्या नऊ वेळा दोनच कारणे : विंडोजच्या फायरवॉलने ४२४२ अडवले आहे किंवा राउटर बंद-चालू झाल्यावर सर्व्हरचा आयपी बदलला आहे. आयपी स्थिर करून घ्या.

दुसरी नेहमीची तक्रार अशी की चित्रे पोचतात, पण ओपीडीतून वेसिसने शोधली तर नकार येतो. कारण ऑर्थँक फाइल स्वीकारताना फारशी चौकशी करत नाही, पण शोधू देताना ओळख मागतो. प्रत्येक ओपीडी संगणकाचे एई टायटल, आयपी आणि पोर्ट त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये नोंदवा आणि सेवा पुन्हा सुरू करा. ब्राउझरने दुसऱ्या संगणकावरून उघडायचे तर त्याच फाइलमध्ये बाहेरून प्रवेशाची परवानगी चालू करून पासवर्ड घालावा लागतो. घरी बसून बघता यावे म्हणून राउटरमधून ही पोर्ट इंटरनेटवर उघडू नका, रुग्णांची चित्रे जगाला खुली होतात. घरून हवेच असेल तर व्हीपीएन (सुरक्षित खासगी जोडणी) घ्या.

जागेचा अंदाज : एक डिजिटल एक्स-रे सुमारे १० एमबी. दिवसाला ४० निघाले तर ४०० एमबी, वर्षाच्या ३०० दिवसांत १२० जीबी. १ टीबीची डिस्क बरीच वर्षे पुरते, पण एकच डिस्क ठेवू नका. बॅकअप घेताना सेवा थांबवून चित्रांचे फोल्डर आणि अनुक्रमणिकेची फाइल दोन्ही एकत्र उचला. एक असून दुसरे नसेल तर पुन्हा उभे करताना डोके धरून बसावे लागते. यूपीएस हवाच. वीज अचानक गेली की बिघडते ती नेमकी ही अनुक्रमणिका.

रुग्णाचे नाव मराठीत भरले की प्रश्नचिन्हे किंवा चौकोन दिसतात, असेही तुम्ही लिहिले आहे. मशीन अक्षरसंच चुकीचा लिहिते म्हणून तसे होते. युनिकोडचा पर्याय मशीनमध्ये नसेल तर नावे इंग्रजीत भरा आणि स्पेलिंगचा एकच नियम ठेवा, नाहीतर एकाच रुग्णाच्या तीन नोंदी होतील. शोधताना नावापेक्षा रुग्ण क्रमांकावर भर द्या.

प्रश्न : मॅकवर काय घ्यावे? – जुळे सोलापूर

उत्तर : होरोस किंवा वेसिस. सीडीबरोबर आलेला प्रोग्राम विंडोजचा असतो, मॅकवर तो चालणार नाही. त्याच्या नादी न लागता फोल्डर उघडा.

प्रश्न : काहीही न घालता थेट ब्राउझरमध्ये स्कॅन उघडणाऱ्या साइट्स आहेत. त्या सुरक्षित का? – पंढरपूर

उत्तर : काही साइट्स फाइल तुमच्याच संगणकावर वाचतात, काही आपल्या सर्व्हरवर चढवून घेतात. कोणती काय करते हे बघायची युक्ती : पान पूर्ण उघडू द्या, मग वायफाय बंद करा आणि नंतर फोल्डर त्यात टाका. चित्र उघडले तर फाइल बाहेर गेलेली नाही. पाहून झाल्यावर टॅब बंद करा आणि मगच वायफाय सुरू करा. अडकले तर साइट इंटरनेट मागते आहे, तिथे रुग्णाच्या नावासह काही टाकू नका. ओएचआयएफ हा ब्राउझरमधला मुक्त स्रोत व्ह्यूअर चांगला आहे, पण तो स्वतःच्या ऑर्थँकला जोडून वापरण्यात खरा अर्थ.

प्रश्न : सीडी किती वर्षे टिकते? फिल्म जपावी की सीडी? – मोहोळ

उत्तर : मिळाल्या दिवशीच सीडी हार्ड डिस्कवर उतरवा आणि उघडून बघा; चित्रे न भरलेली सीडी परत नेली तर सेंटर लगेच दुसरी देते, सहा महिन्यांनी गेलात तर मूळ स्कॅन पुसला गेलेला असू शकतो. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर सीडी ठेवू नका. अशा लिहून दिलेल्या सीडीतला रंगाचा थर उन्हाने आणि उष्णतेने खराब होतो, वाकलेली चकती ड्राइव्ह वाचत नाही. वर पेनने नाव लिहायचे तर सीडीसाठीचा मऊ मार्कर वापरा, बॉलपेनचा ओरखडा वरून आत उतरतो. फिल्मही ठेवा, गावातल्या डॉक्टरांना ती खिडकीशी धरून लगेच बघता येते. फक्त घडी घालू नका आणि दोन फिल्म एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये कागद ठेवा.